दीड लाखाचा दंड: एका शैक्षणिक कर्जाची फाइल

१ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती सहा दिवसांवर आलेले. वाचनालयाच्या दारात मंडळाच्या पोरांनी मांडवाचे बांबू आणून टाकले होते, त्यातून वाट काढत बाप-लेक आत आले. बापाच्या हातात खताच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी, पिशवीत कागद. मुलगा दोन पावलं मागं.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी इथं बसतो आणि लोकांच्या नोटिसा वाचून देतो. बेळगावात हे काम संपत नाही. नोटीस येते इंग्रजीत नाहीतर कानडीत, आणि ज्याच्या घरी येते तो जन्मभर मराठीत बोललेला, बाजारापुरतं कानडी जाणणारा.

"सर, पोराच्या शिक्षणाला चार लाख घेतलेलं," बाप म्हणाला. "आता सात लाख भरा म्हणूलालेत. नुसता दंडच दीड लाख लावलाय. काय करूचं आता?"

पुढं हे प्रकरण सहा महिने चाललं. ते लिहून काढावंसं वाटलं ते या दीड लाखामुळं. खात्यात दंड होता तो सगळा मिळून नऊ हजारांचा. आणि ज्याबद्दल त्या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, ते नुकसान होतं दोन लाखांचं.

ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि बँकेचं नाव लिहीत नाही, बारीक तपशील बदललेत. व्याजाचा दर मधल्या काळात खाली-वर झाला. हिशोब सोपा राहावा म्हणून सरासरी साडेदहा टक्के धरलाय.

कर्ज

बेळगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा, चंदगडच्या हद्दीला टेकलेला. दीड एकर शेत: भात, रताळी, बांधाला काजूची चार झाडं. बाप शेती सांभाळून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत रोजंदारीवर. मुलगा थोरला, पाठची एक मुलगी. मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, मग सायन्स, मग सीईटी, मग मेकॅनिकल. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात असल्यानं इथल्या घरांत इंजिनिअरिंग हा जवळजवळ शेजारधर्म झालाय. शेजारच्याचा गेला, आपलाही घालायचा.

२०१६ साली एका सरकारी बँकेतून चार लाखांचं कर्ज मंजूर झालं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, बाहेरचा जामीनदार लागत नाही, पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो, एवढंच. दर ऑगस्टला एक लाख थेट कॉलेजच्या खात्यात. शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही.

"हप्ता नाही" हे बापाच्या डोक्यात "व्याज नाही" असं बसलं. त्याला मी दोष देत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून हे वाक्य मीही शेकडो वेळा बोललोय, आणि बहुतेक वेळा अर्धंच.

हप्ता नसला तरी सरळव्याज चालूच असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५२,५००, दुसऱ्यावर चार वर्षांचं ४२,०००, तिसऱ्यावर ३१,५००, चौथ्यावर २१,०००. बेरीज १,४७,०००. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिला हप्ता आला तेव्हा कर्ज चार लाख राहिलेलं नव्हतं, ५,४७,००० झालं होतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ७,३८०.

मुलाची बॅच २०२० ची. त्या वर्षी पास झालेल्या पोरांना विचारा, प्रत्येकाकडं एक न वापरलेलं ऑफर लेटर निघेल. याच्याकडं चाकणचं होतं. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, रुजू व्हायची तारीख दोनदा पुढं गेली, मग त्या पत्त्यावरून उत्तरं यायची बंद झाली. वर्षभर घरी. ऑगस्ट २०२१ मध्ये उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कंत्राटी ट्रेनी म्हणून लागला. हातात १२,०००. त्यातले ७,३८० हप्त्याला, उरलेल्या साडेचार हजारात बसभाडं, मोबाइल आणि घरात थोडं.

सहा हप्ते त्यानं तारखेला भरले. एकूण ४४,३००. त्यातले २८ हजार व्याजात गेले आणि मुद्दल उतरली फक्त १६ हजारांनी. फेब्रुवारी २०२२ अखेर कंत्राट संपलं तेव्हा बाकी होती ५,३१,०००.

इथंच बँकेला एक कागद जायला हवा होता. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिच्यात नोकरी नसल्याच्या किंवा पगार तुटपुंजा असल्याच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्ते पुढं ढकलायची सोय आहे. तो हक्क नाही, बँकेच्या अखत्यारीतली गोष्ट आहे. व्याजही थांबत नाही. पण मंजूर झालं तर खातं थकत नाही, आणि पुढचं रामायण टळतं.

"अर्ज का नाही दिलास?" मी विचारलं.

तो पहिल्यांदाच बोलला. "नोकरी गेली असं लिहून दिलं तर बँकवाले बाबांना बोलावतील असं वाटलं."

बापाला नोकरी गेल्याचं मे महिन्यात कळलं. तोवर जवळजवळ तीन महिने हा रोज सकाळी डबा घेऊन त्याच बसनं शहरात यायचा. डबा कुठं खायचास म्हटल्यावर म्हणाला, किल्ला तलावावर. बाप खाली बघत पिशवीची गाठ सोडवत राहिला. ती आधीच सुटलेली होती.

दीड लाख आले कुठून

मार्च २०२२ चा हप्ता चुकला. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक, बँकेच्या भाषेत एनपीए. जूनमध्ये ते झालं. आता यानंतर जे होतं ते खातेदाराला कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खातं एनपीए झालं की बँक त्यावरचं न मिळालेलं व्याज आपलं उत्पन्न म्हणून दाखवू शकत नाही. म्हणून व्याज खात्यात चढवणं थांबतं. खातेउतारा काढला तर आकडा गोठल्यासारखा दिसतो. या खात्यात तो ५,५०,००० वर गोठला होता. मुलगा अधूनमधून मोबाइलवर बघायचा आणि त्याला बरं वाटायचं, निदान वाढत तरी नाही.

पण व्याज थांबलेलं नसतं. ते बाजूच्या वहीत, म्हणजे आता संगणकात, चढत असतं. वसुलीची नोटीस निघते तेव्हा ती बाजूची वही मुख्य वहीला येऊन मिळते. नोटिशीतला आकडा होता ६,९९,०००. मोबाइलवर साडेपाच, कागदावर सात. मधला दीड लाख कसला? बापानं आणि गावातल्या जाणत्या माणसांनी त्याला नाव देऊन टाकलं: दंड.

मी वहीचं पान उभं आखलं आणि तिघांनी मिळून तो दीड लाख सोडवला. एनपीए झाल्यापासून सव्वीस महिन्यांचं न चढवलेलं व्याज १,४०,०००. दंडव्याज ५,७००. वकिलाच्या नोटिशीचा वगैरे खर्च ३,५००. संपलं.

दंडव्याज इतकं कमी कसं, तर ते पूर्ण कर्जावर लागत नाही, थकलेल्या हप्त्यांवर लागतं, वर्षाला दोन टक्के. पहिल्या महिन्यात ७,३८० वर, दुसऱ्यात १४,७६० वर, असं. तीस महिन्यांत त्याचे पावणेसहा हजार झाले. त्यात रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं दंडव्याज हा प्रकारच बंद करून त्याला दंडशुल्क केलंय, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावायचं नाही असं सांगितलंय. नव्या कर्जांना ते एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्यांना जून २०२४ अखेरपर्यंत लावायचं होतं.

याशिवाय हप्ता परत गेल्याचा भुर्दंड बचत खात्यातून वेगळा कापला जात होता, दर वेळी जीएसटीसह २९५. चौदा वेळा. तो नोटिशीत नव्हता, पण घराला टोचत होता तोच. काजूचे दोन हजार खात्यात आले की सकाळी दीड हजार. मग आईनं त्या खात्यात पैसे ठेवायचेच बंद केले, आणि त्यामुळं पुढचे हप्तेही आपोआप परत जात राहिले.

घर

मुलगा या काळात नुसता बसून नव्हता. धारवाडला खोली करून आठ महिने स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. कर्नाटकच्या भरतीत कानडीचा पेपर सक्तीचा, तिथं मराठी शाळेतला पोरगा अडतो. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, पण रांग केवढी आहे ते कोल्हापूरच्या पोरांना विचारा. शेवटी त्यानं बँकेच्या परीक्षांवर जोर धरला. आणि काही सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की कर्ज थकवल्याची नोंद असलेल्याला नेमणूक मिळणार नाही. ती ओळ त्याला मी दाखवली. दोन वर्षं तो त्याच जाहिराती वाचत होता.

कर्नाटक सरकारची युवानिधी आली तेव्हा घरात थोडी आशा होती. पदवीधराला महिना ३,०००, दोन वर्षांपर्यंत. पण ती २०२२-२३ मध्ये पास झालेल्यांपासून. हा २०२० चा.

आईनं महिला संघातून कर्ज उचलून दोन हप्त्यांची सोय केली होती, ती मुलानं न सांगता धारवाडच्या खोलीभाड्यात घातली. संघाचे हप्ते मात्र तिनं एकही चुकवला नाही. रोजगाराला जाऊन, कोंबड्या विकून, कसे का असेना. ही गोष्ट पुढं कामाला आली.

धाकटी बारावी होऊन २०२३ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगला निघाली. तिचं कर्ज नाकारलं गेलं. कारण विचारायला कुणी गेलं नाही, पण कारण उघड होतं. थोरल्याच्या कर्जाला बाप सहकर्जदार, म्हणजे सिबिलच्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात डाग दोघांना. पोरगी घरी बसली. आमच्या पहिल्या दोन बैठकांत तिचा उल्लेखही झाला नव्हता.

आणि मग वसुली एजंट. त्याचा फोन रात्री साडेनऊला यायचा. एकदा सकाळी साडेसहाला तो गावच्या दूध डेअरीवर येऊन उभा राहिला. त्या वेळी सगळं गाव तिथं कॅन घेऊन असतं. त्यानं मोठ्यानं घर विचारलं, कशासाठी तेही सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, चारचौघांत अपमान नको. बाप दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला पोरीला पाठवू लागला. तारीख-वेळ घालून मी बँकेला एक पानाचं पत्र लिहून दिलं आणि फोन बंद झाले. या सगळ्या प्रकरणात इतक्या झटक्यात सुटलेली तेवढी एकच गोष्ट.

लोकांचे सल्ले

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. एकानं सांगितलं, जमिनीवर बोजा चढवतील, उतारा आधीच भावाच्या नावावर करून टाक. एकानं सांगितलं, पोलीस येतील. एकानं सांगितलं, तीन वर्षं तोंड दाखवू नका, कर्ज आपोआप मरतं.

बिनतारणी कर्जाला बँक थेट जमिनीला हात घालू शकत नाही. दिवाणी कोर्टात दावा, हुकूमनामा, मग अंमलबजावणी, अशी वाट आहे. कोर्टात न जाता बँकेला वसुली करू देणारा जो सरफेसी कायदा, तो तारणावर चालतो आणि शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. घाईनं जमीन दुसऱ्याच्या नावावर करणं हा तर आगीत तेल ओतायचा प्रकार. उद्या कोर्टात तेच अंगाशी येतं.

पोलिसांचं म्हणाल तर कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही. मात्र खात्यातून हप्ता वळता करायची जी संमती आपण देतो, ती पैसे नसल्यानं परत गेली तर त्याला चेक न वटण्यासारखंच कलम आहे. ते मी मुलाला सांगितलं. घाबरवायला नव्हे, हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात बघायची सवय लागावी म्हणून.

तीन वर्षांची मुदत खरी आहे. पण भरलेला हप्ता, सही केलेली कर्जाची कबुली, यानं ती पुन्हा नव्यानं मोजली जाते. आणि दाव्याची मुदत संपली तरी सिबिलची नोंद पुसली जात नाही. धाकटीचं शिक्षण त्या नोंदीवर अडलं होतं, मुदतीवर नाही.

आलेली नोटीस होती १४ सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीची. बापाला ती कोर्टाचं समन्स वाटली होती. दावा दाखल होण्याआधीची ती तडजोडीची बैठक होती. फी नाही, जबरदस्ती नाही. गणपतीच्या दिवसांत आम्ही तिघं गेलो. बँकेच्या अधिकाऱ्यानं देकार दिला: तीन महिन्यांत एकरकमी ५,२५,००० भरा, बाकी सोडतो. बापानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "दहा गुंठं काढली तर बसतंय."

मी सही करू दिली नाही. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. सही करून तीन महिन्यांत पैसे उभे राहिले नाहीत, तर बँकेला दावा लावायचेही कष्ट नाहीत, सरळ अंमलबजावणी. शिवाय एक गोष्ट मला पहिल्या रविवारपासून खटकत होती. बापाचं उत्पन्न बघता या खात्याला शिक्षणकाळाचं व्याज लागायलाच नको होतं.

फाइल

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि शिक्षण देशातलं, तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं सगळं व्याज सरकार भरतं. २०१८ पासून कॉलेजच्या मानांकनाची वगैरे अट आली, पण हे कर्ज त्याआधीचं. विद्यार्थ्यानं उत्पन्नाचा दाखला बँकेला द्यायचा; पुढं दावा करायचं काम बँकेचं.

"उत्पन्नाचा दाखला दिलेला काय बँकेत?"

"दिला की. नाडकचेरीत दोन चकरा मारून काढलेला. सायबाच्या हातात दिला."

"पोच?"

पोच नव्हती. आणि त्या वेळचा साहेब बदलून कुठं गेला हे कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही शाखेला लेखी अर्ज दिला: पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, न चढवलेल्या व्याजाचा वेगळा तक्ता आणि व्याज अनुदानाचा दावा केला होता की नाही. उतारा ऑक्टोबरच्या मध्याला मिळाला. त्यात अनुदानाची एकही जमा नव्हती. शाखेचं तोंडी उत्तर असं की दाखला आमच्याकडं आलेलाच नाही.

शाखाधिकारी तेलुगू मुलगा, तिशीतला, बेळगावात येऊन वर्षही न झालेला. कामानं वाकलेला, पण वाईट नव्हता. मी म्हटलं, मूळ फाइल बघू या का. तो स्वतः उठला. स्ट्राँगरूमच्या शेजारच्या खोलीत लोखंडी रॅकवर सालवार गठ्ठे होते, पांढऱ्या नाडीनं बांधलेले. २०१६ चा गठ्ठा खालच्या फळीवर, भिंतीकडच्या बाजूला ओल आलेली. फाइल उघडली: मंजुरीपत्र, करारनामा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजचं फीपत्रक. गुणपत्रिकेच्या मागं टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडला होता, आणि त्या टाचणीत अडकून नाडकचेरीच्या दाखल्याची झेरॉक्स. वार्षिक उत्पन्न ७२,०००. कोपऱ्यात शाखेचा गोल शिक्का, २८ सप्टेंबर २०१६.

शाखाधिकारी काही क्षण बोलला नाही. मग इंग्रजीतून म्हणाला, याची झेरॉक्स मी तुम्हाला काढून देतो. त्यानं ती दिली, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. माझ्या नोकरीत मी किती दाखले असे गुणपत्रिकेच्या मागं टाचून विसरलो असेन, हा विचार त्या दिवशी घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

रात्री हिशोब केला. १,४७,००० चं अनुदान वेळेवर जमा झालं असतं तर हप्ते चार लाखांवर सुरू झाले असते. महिन्याला ५,४०० च्या आत. मुलानं भरलेले तेच सहा हप्ते आणि तीच अडीच वर्षांची थकबाकी धरली, तरी ऑगस्ट २०२४ ला बाकी ६,९०,००० ऐवजी ४,८९,००० असती. एका टाचणीची किंमत २,०१,०००. दंडाची नऊ हजार.

बँकेला लेखी तक्रार २१ ऑक्टोबरला दिली, दाखल्याची झेरॉक्स लावून, आणि या वेळी पोच घेऊन. तीस दिवस उत्तर आलं नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार, तिला पैसे पडत नाहीत. मुलानं ती स्वतः भरली. इंग्रजी चांगलं होतं त्याचं. मी फक्त विशेषणं काढायला लावली. "अमानुष" हा शब्द त्यानं दोनदा घातला होता. तारखा ठेव, म्हटलं, शब्द काढ.

डिसेंबरची लोकअदालत आम्ही सोडून दिली. जानेवारीत बँकेच्या वरच्या कार्यालयातून फोन आला, या, बोलू. सरकारकडं त्या वर्षांचा दावा करायची मुदत कधीच उलटून गेलेली, तेव्हा जे काही द्यायचं ते बँकेलाच पदरचं द्यावं लागणार होतं. तीन बैठकांनंतर ठरलं ते असं: १,४७,००० खात्यात जमा, दंड आणि नोटीस खर्च माफ. त्या १,४७,००० वर साडेतीन वर्षांत चढलेलं व्याज मात्र द्यायला ते तयार झाले नाहीत. ती रक्कम जवळजवळ ६५ हजार होती. मी आणखी ताणायला बघत होतो. बाप म्हणाला, "पुरे आता सर. पोरीचं बघूया." आजही मला वाटतं, दोन महिने थांबलो असतो तर त्यातले निम्मे तरी निघाले असते. पण कर्ज त्यांचं होतं, माझं नाही.

एका शब्दावर मात्र मी अडून बसलो. बँकेच्या पत्राच्या मसुद्यात "तडजोड" लिहिलं होतं. तो शब्द सिबिलकडं गेला की खातं "सेटल्ड" म्हणून नोंदलं जातं, आणि पुढची कित्येक वर्षं कुठलीही बँक तो शब्द बघूनच फाइल बाजूला ठेवते. इथं बँकेनं काही सोडलं नव्हतं. स्वतःची चूक निस्तरली होती. मग तसं लिहा. आठवडाभरानं "खात्याची दुरुस्ती आणि हप्त्यांची फेररचना" असं पत्र आलं.

फेब्रुवारी २०२५ अखेरची बाकी दुरुस्तीनंतर ५,८०,०००. रताळ्याचे, गोव्यात असलेल्या मामाचे आणि मुलाच्या स्वतःच्या पगारातले मिळून ८०,००० भरले. हो, पगार. ऑक्टोबरपासून तो हद्दीपलीकडं शिनोळीतल्या एका कारखान्यात लागलाय, हातात १९,०००. घरापासून पंधरा मिनिटं, राज्य दुसरं. उरलेले पाच लाख १३८ हप्त्यांत, ऑगस्ट २०३६ पर्यंत, महिना ६,२५०. परतफेड सुरू झाल्यापासून पंधरा वर्षांच्या पुढं नेता येत नाही, म्हणून १३८. खातं लगेच नियमित होत नाही. ठरलेले हप्ते काही काळ न चुकता गेल्यावर होतं. मधल्या थकबाकीचे महिने अहवालात दिसत राहणारच.

आतापर्यंत नऊ हप्ते गेले. जुलैचा एकदा परत गेला, कारण पगार बारा तारखेला होतो आणि हप्त्याची तारीख दहा होती. तारीख पंधरा करून घेतली. ते काम त्यानं एकट्यानं केलं, मला नंतर सांगितलं.

धाकटीला दोन वर्षं वाया घालवून नर्सिंगला प्रवेश मिळाला, कर्जासह. सहकर्जदार या वेळी आई. संघाचे हप्तेही सिबिलसारख्या संस्थांकडं नोंदले जातात, आणि तिचा एकही चुकलेला नव्हता. घरातला सगळ्यात चांगला स्कोअर तिचा निघाला. उत्पन्नाच्या दाखल्याची पोच मुलगी मला दाखवायला घेऊन आली होती, शिक्का सरळ उमटला नाही म्हणून तिनं दोनदा मारून घेतला होता.

बाप आता पुन्हा स्वतः डेअरीवर दूध घालायला जातो. तिथं तो सगळ्यांना सांगतो, बँकेनं दीड लाख दंड लावलेला, सरांनी भांडून काढून घेतला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला पुन्हा वही काढून दाखवली. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. गेल्या रविवारी शेजारच्या गावातल्या एकाला घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "सर, ह्यास्नी पण दंड लावलाय बघा."